सोपाऱ्याला जाण्याआधी

नाशिक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नालासोपाऱ्याला नोकरी लागली, सुट्टीच्या दिवशी तिथलं जुनं बंदर हिंडून त्यावर लिहायचं म्हणतोस. वाचून फार बरं वाटलं. पण गाडीत बसण्याआधी एक सकाळ पांडवलेण्यांसाठी काढ. मी पहिल्यांदा थेट सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो होतो. विटांचा ढिगारा बघून अर्ध्या तासात परत फिरलो, त्याची हळहळ अजून आहे.

ऊन चढायच्या आत दहा नंबरच्या लेण्यात पोच. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताखाली, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्यात भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर) आणि आपलं गोवर्धन यांच्या पंगतीला ‘शोर्पारग’ बसलंय. तेच तुझं सोपारं. या चारही ठिकाणी त्याने वाटसरूंना उतरायला जागा बांधल्या. दमणगंगा, पार, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या.

मला मात्र तिथलाच दुसरा लेख जास्त जवळचा. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, उषवदाताने २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, वगैरे. आणि त्याच दमात ८००० नारळाची झाडं दान! लेणं आपल्या डोंगरात, नारळ किनाऱ्याकडचे. या ओळीपाशी जरा थांब. बंदर पोसलं जातं ते घाटावरच्या मालावर, आणि घाटावरचा पैसा वाढतो बंदरामुळे. तुझी पंचवटी एक्सप्रेस ज्या थळ घाटातून कसाऱ्याला उतरेल, ती वाट फार जुनी आहे.

आता सोपाऱ्याला जा. तिथे ‘बुरुड राजाचा कोट’ कुठे, असं विचार. स्तूपाचं तिथलं नाव ते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा मधोमध दगडी करंडक निघाला: भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, बुद्धांच्या आठ छोट्या धातूमूर्ती, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात त्याच वर्षी मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगावात. चक्रेश्वर तलावाकाठच्या देवळापाशी मांडलेल्या जुन्या मूर्ती बघायला विसरू नकोस. खाडी गाळाने भरत गेली नि बंदर संपलं, म्हणून पाण्याच्या खुणा शोधायच्या तर म्हाताऱ्या माणसांशी बोल, शेतांची नि पाड्यांची नावं लिहून घे.

वसईच्या किल्ल्याला पूर्ण दिवस दे. पण त्याआधी इथे, गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा नीट बघून घे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयातली ती पोर्तुगीज घंटा. मग किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभा राहिलास की वर बघ.

पहिला लेख हाताने लिहून पाठव. पेन्सिलीने खुणा करून परत धाडतो.

तुझा,
सर