पिल्लाच्या शीतून जंत पडले, घरात तीन वर्षांची मुलगी आहे. पिल्लू परत द्यावं का?

नको, परत देऊ नका. दोन महिन्यांचं पिल्लू आणून तुम्हाला चार दिवस झालेत, काल त्याच्या शीत वीतभर लांब पांढुरके जंत दिसले, मुलगी दिवसभर त्याला कवटाळून असते आणि घरातले म्हणतात की आजच्या आज बाहेर काढा. मी पशुवैद्यक आहे. याच काळजीने पिल्लू घेऊन आलेले आईबाप मी खूप पाहिलेत. त्यांची भीती खोटी नसते, फक्त रोख चुकीच्या ठिकाणी असतो.

तुम्ही पाहिलेले गोल जंत बहुतेक टॉक्सोकारा कॅनिस असणार. मांजरांत त्याचा भाऊबंद असतो, टॉक्सोकारा कॅटी. इतक्या लहान पिल्लाला ते आधीच्या घराच्या हलगर्जीपणामुळेच झाले असं समजू नका. कुत्रीच्या स्नायूंमध्ये या जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत उतरतात. काही नंतर दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्मालाच जंत घेऊन येतं आणि तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या शीतून अंडी पडू लागतात. मांजरीच्या पिल्लांना नाळेतून लागण होत नाही, ती आईच्या दुधातून होते.

आता मुलीचं. शीत जे लांब जंत दिसतात, ते हाताला लागून कोणाला जंत होत नाहीत. धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा, आणि तीही ताजी असताना निरुपद्रवी असतात. बाहेर पडल्यावर आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. चार दिवसांत तुमच्या घरात पडलेली अंडी अजून कोणालाच लागण करू शकत नाहीत. म्हणून कालच्या शीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती महिन्याभरापूर्वी कोपऱ्यात पडलेल्या, कोणीच न उचललेल्या शीची. ती वाळून मातीत मिसळते, दिसेनाशी होते, पण अंडी तिथेच राहतात, ओलसर सावलीत तर कित्येक वर्षं. एक मादी जंत दिवसाला हजारोंनी अंडी घालते. नेहमीच्या जंतुनाशकांनी ती मरत नाहीत, उकळतं पाणी किंवा वाफ लागते. त्यामुळे फरशी कशाने पुसू, यापेक्षा शी रोजच्या रोज उचलली का, हे विचारा. मुलं वाळूत खेळत असतील तर ती वाळू झाकून ठेवा, मांजरांना ती फार आवडते. मातीत खेळून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात, नखं कापलेली, कच्च्या भाज्या नीट धुतलेल्या. मुलीला माती खायची सवय असेल तर ते मात्र गांभीर्याने घ्या, लहान मुलांना लागण होण्याचं ते मोठं कारण आहे. पिल्लाच्या केसांवरही अंडी सापडतात, पण ती बहुतेक तयार झालेली नसतात. पिल्लाला जवळ घ्यायला माझी ना नाही, तोंड चाटू देऊ नका.

अंडं पोटात गेलंच तर माणसाच्या आतड्यात अळी बाहेर येते, पण तिथे तिचा जंत होत नाही. ती भिंत भेदून रक्तातून यकृत, फुप्फुसं, कधी मेंदू किंवा डोळा असं भटकत राहते. बहुतेकांना काही कळतही नाही. काहींना ताप, खोकला, दम लागणं, पोटदुखी होते आणि रक्तात इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढतात. जंत आतड्यात नसल्यामुळे मुलाची शी तपासून हे कळत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी असते. आणि मुलाच्या शीत लांब जंत पडले तर ते बहुधा माणसाचे स्वतःचे असतात, त्याचा दोष कुत्र्याला देऊ नका.

डोळ्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ते उशिरा लक्षात येतं. 1950 मध्ये डोळ्यांच्या रोगांच्या अभ्यासक हेलेनॉर वाइल्डर यांनी काढून टाकलेले 46 डोळे तपासले. त्यांतले बरेचसे कर्करोगाच्या संशयावरून काढलेले होते. 24 डोळ्यांत त्यांना जंताच्या अळ्या किंवा त्यांच्या खुणा सापडल्या आणि त्यांतल्या काही पुढे टॉक्सोकाराच्या निघाल्या. हे वाचल्यापासून मी कुठल्याही आईबापांना ‘काही होत नाही हो’ असं म्हणत नाही. हा त्रास विरळा आहे, पण बहुधा एकाच डोळ्याला होतो. दुसऱ्या डोळ्याने चांगलं दिसत असल्याने मूल तक्रारच करत नाही. तिरळेपणा दिसला, बाहुलीत पांढरट झाक दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात पिल्लू आहे हे सांगा. मुलगी ठणठणीत असेल तर नुसत्या धास्तीने तपासण्या करत बसू नका.

पिल्लाला आजच डॉक्टरांकडे न्या आणि वजन करून जंताचा डोस द्या. एका डोसवर थांबू नका, इथेच लोक चुकतात. औषध मुख्यतः आतड्यातल्या जंतांना मारतं. फुप्फुसांतून प्रवास करणाऱ्या अळ्या खोकल्याबरोबर घशात येऊन, गिळल्या जाऊन नंतर आतड्यात पोचतात. खरं तर दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी डोस हवा होता. तुमच्या पिल्लाला आता एक, दोन आठवड्यांनी दुसरा, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे निदान तीन महिन्यांतून एकदा. मांजरीच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून. आई सोबत असेल तर तिलाही त्याच वेळी. औषधानंतर दोन-तीन दिवस शीत जंतांचे गुंते पडतील, घाबरू नका. हातात पिशवी घालून लगेच उचला, पिशवीला गाठ मारून टाका, हात धुवा.