शनिवारची भाजी बुधवारी सडते त्याबद्दल

गोव्यातल्या फोंड्याकडच्या शेतातून दर शनिवारी सहा-सात किलो भाजी येते आणि बुधवारपर्यंत निम्मी फेकावी लागते, असं तुम्ही लिहिलंय. मागितल्यात पाककृती, पण घोळ चुलीवर नाही, शनिवारच्या पहिल्या अर्ध्या तासात आहे.

आणल्याआणल्या सगळं धुऊन, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवता ना? मला सगळ्यांत महाग पडलेली चूक हीच. तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, पान ओलं राहिलं की देठाजवळ बुळबुळीत होतं, आणि पेंडी आतून कुजायला लागते. बाहेरून कळतही नाही. पेंडीचा बंद आधी सोडा, पिवळी पानं काढा, न धुता सुती कापडात सैल गुंडाळा. धुवायचं ते चिरायच्या आधी. मुळा आणि नवलकोलचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढतो आणि मुळा लवलवीत होतो. पेंड्या ओल्या देऊ नका, असं भाजी पुरवणाऱ्यांना सांगून पाहिलं. पाणी मारल्याशिवाय ताजी दिसत नाही म्हणे. दिसायला घेतो का आम्ही भाजी? असो.

पाला पहिल्या दोन दिवसांत संपवा. तांबडी भाजी कांदा-मिरचीवर परतायची, मीठ शेवटी. दोन पेंड्यांचं शिजून वाटीभर होतं, ढीग बघून मीठ टाकलंत तर खारट. मुळ्याच्या पाल्यात भिजवलेली चणाडाळ घाला. चवळीच्या शेंगा तिसऱ्या दिवशी.

गुरुवारी उरलेल्या कंदांचं खतखतं, म्हणजे डाळ-नारळातलं मिश्र भाज्यांचं कालवण. किलोभर भाजी: कणगी (एक कंद), नवलकोल, मुळा, गाजर, भोपळा, शेवग्याची शेंग. अर्धी वाटी तूरडाळ आधी मऊ शिजवा. कडक कंद आधी, भोपळा मागाहून. मग एका मध्यम नारळाचं, पाच-सहा सुक्या मिरच्या आणि हळद घातलेलं वाटण. सोलां (आमसुलं) पाच-सहा आणि गुळाचा खडा, पण फोडी पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की कंद कितीही उकळा, दाठरच राहतात. तिरफळं (मसाल्याची सुकी फळं) दहा-बारा, काळी बी काढून, जराशी ठेचून, थोड्या पाण्यासकट. बी राहिली तर कडू लागतं. कांदा-लसूण, फोडणी काही नको. कोणी घालत असतील, माझा आग्रह आपला. दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, पण नारळ आहे, रात्री बाहेर ठेवू नका.

आगशीची मोठी वांगी आली तर खतखत्यात घालू नका, रस काळपट होतो. त्यांचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुसा, तिखट-हळद चोळा, रव्यात घोळवून मंद आचेवर भाजा. पाणी पुसलं नाहीत तर रवा तव्यालाच चिकटून बसेल.