आयता बसून पगार, तरी नवरा चिडचिडा का?

"ट्रक आपला आपण चालतो, यांना नुसतं बसायचं असतं, तरी घरी आले की खेकसतात" असं म्हणत डॅलसजवळ राहणाऱ्या एक ताई नवऱ्याला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. दत्ताभाऊ म्हणू त्यांना (नाव-गाव बदललंय), मूळचे फलटणकडचे, इथे वर्षानुवर्षं ट्रक चालवला आणि आता सेल्फ ड्रायव्हिंग ट्रकमध्ये सेफ्टी ड्रायव्हर, म्हणजे सीटवर बसून लक्ष ठेवायचं आणि गरज पडली तर ताबा घ्यायचा.

"मॅडम, स्टिअरिंग माझ्यासमोर आपोआप फिरतं, हात जवळ धरायचे पण लावायचे नाहीत." हे सांगताना त्यांचा उजवा पाय माझ्या ऑफिसच्या कार्पेटवर ब्रेक मारल्यासारखा सारखा दाबला जात होता. ताई म्हणाल्या, झोपेतपण हेच.

मला वाटलं नोकरी जायची भीती असणार. ती होतीच, २०२५ मध्ये ऑरोरा या सेल्फ ड्रायव्हिंग कंपनीने डॅलस-ह्यूस्टन रस्त्यावर ड्रायव्हरशिवाय ट्रक सोडले, मग ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून थोड्याच दिवसांत सीटवर माणूस परत बसवला, म्हणजे आज आहे उद्या नाही. पण त्यांना खरं खात होतं ते टेम्पीचं प्रकरण. ॲरिझोनातल्या या टेम्पी शहरात २०१८ साली उबरच्या सेल्फ ड्रायव्हिंग टेस्ट गाडीखाली रस्ता ओलांडणारी बाई गेली, आणि गुन्हा लागला तो सीटवरच्या ऑपरेटरवर, कंपनीवर नाही. ऑपरेटरचं लक्ष रस्त्यावर नव्हतं हे खरंय, पण दत्ताभाऊंचं म्हणणं एकच, "चालवणार मशीन आणि अडकणार मी?"

यावर "पॉझिटिव्ह राहा" सांगण्यात काही अर्थ नव्हता, भीती रास्तच आहे.

ताईंना मात्र एक समजवावं लागलं. मॅकवर्थ नावाच्या माणसाने १९४८ मध्ये दाखवलं होतं की काहीच घडत नसताना नुसतं टक लावून बघायचं असेल तर अर्ध्या तासातच चुका वाढतात. तेव्हा बसून दमणं हे नाटक नाही, उलट हातात गाडी असते तेव्हा माणूस जागा राहतो.

मग आम्ही बसून कंपनीला विचारायचे प्रश्न लिहून काढले: मध्येमध्ये स्वतः चालवायला मिळेल का, सोबत दुसरा माणूस देणार का, काही झालं तर वकील कोण देणार. तोंडी नाही, ईमेलवर. घरी आल्यावर पहिला अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही हे ताईंनी मान्य केलं, जरा कुरकुरतच.

ट्रकमध्ये सोबतीला दुसरा माणूस मिळाला, झोप बरी आहे. वकिलाबद्दल अजून "बघून कळवतो" एवढंच उत्तर आलंय, त्यामुळे दुसरीकडचे अर्ज थांबवू नका असं मी त्यांना सांगितलंय.