जेवणात गुपचूप औषध घालू का?

प्रश्न: मी तासगावची. मिस्टर रोज पितात, सकाळी कपबशी धरली तरी हात थरथरतो. जाऊबाई म्हणतात सांगलीत एक आयुर्वेदिक पावडर मिळते, भाजीत न सांगता मिसळायची, दारू आपोआप सुटते. देऊ का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नको. अशा पुडीत काय असतं हे तुम्हाला माहीत नाही, कधीकधी त्यात डायसल्फिरामसारखी (दारू सोडवायला डॉक्टर देतात ती) गोळी कुटून घातलेली असते आणि त्यावर माणूस प्यायला की बीपी घसरून जिवावर बेतू शकतं. आयुर्वेदात मदात्यय, म्हणजे दारूमुळे होणारा आजार, म्हणून यावर विचार आहेच, चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 24 वा अध्याय त्यावरच आहे, पण तिथं रोग्याला अंधारात ठेवून बरं करा असं कुठं नाही. आणि हो, आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या आयुर्वेदिक पातळ औषधांत, स्वतःचंच 5 ते 10 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे दारू सोडणाऱ्याला टॉनिक म्हणून तेच पाजायचं, काय कमाल!

सकाळची थरथर मात्र साधी समजू नका. एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, बी-1 जीवनसत्त्व पण तेच देतील. सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा. वैद्यांचं औषध नंतर, डॉक्टर आणि मिस्टर दोघांना सांगून.