तीन बिऱ्हाडांचं जुनं घर घ्यावं का?

प्रश्न : एका लहान शहरात साधारण 50 वर्षांचं, तीन बिऱ्हाडांचं दुमजली घर विकायला आहे. खाली दोन भाडेकरू आहेत, वरचा मजला रिकामा आहे. तिथे आम्ही राहू आणि खालच्या भाड्यातून कर्जाचा बराचसा हप्ता सुटेल, असा हिशेब आहे. किंमत आवाक्यातली आहे, नुकताच रंगही दिलाय. आई म्हणते, एवढं स्वस्त मिळतंय म्हणजे काहीतरी खोट असणार. आम्ही काय काय बघावं?

उत्तर : आईंची शंका रास्त आहे, पण स्वस्त घरात खोट असतेच असं नाही. लहान शहरात गिऱ्हाईक कमी, म्हणून जुन्या घराला भाव कमी. पेच वेगळाच आहे. घर स्वस्तात मिळालं तरी सळई, सिमेंट आणि वायर स्वस्तात मिळत नाहीत. घराच्या किमतीच्या एक-दोन टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीला बाजूला काढावी, असा ठोकताळा सांगतात. तुमच्यासारख्या घराला तो पुरत नाही. किंमत निम्मी असली म्हणून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च निम्मा होत नाही.

जुन्या इमारती तपासणं हेच माझं रोजचं काम. घर बघायला आलेले लोक खोल्या मोजतात, उजेड बघतात. मी आधी सामाईक गोष्टी बघते : गच्ची, जिना, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग. खोलीतली फरशी फुटली तर एका घराची गैरसोय होते, पण सांडपाण्याची लाइन तुंबली की तिन्ही बिऱ्हाडांचं अडतं. त्या दिवशी फोन मालकालाच येणार, म्हणजे तुम्हाला.

तो नवा रंग मला खटकला. रंगाखाली ओल लपते, पण फार दिवस नाही. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा घर बघा आणि भिंतीवरून तळहात फिरवा. जमिनीतून चढणारी ओल सहसा तीन-चार फुटांपर्यंत येते आणि जाताना पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, मागे ठेवते. गच्चीतून झिरपणारी ओल छताच्या कोपऱ्यात उमटते. भिंतीच्या मधेच, एकट्याच पडलेल्या डागामागे बहुधा पाइप असतो. वरच्या बाथरूममध्ये बादलीभर रंगीत पाणी सोडा आणि खालच्या बिऱ्हाडाचं छत दुसऱ्या दिवशी परत बघा. मग तिन्ही घरांतले नळ एकाच वेळी उघडा. वरच्या नळाची धार करंगळीएवढी झाली, तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेत की काय, हे प्लंबरकडून बघून घ्या.

स्लॅबखाली लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर बरं. पोकळ आवाज आला तर काँक्रीट सळईपासून सुटलेलं असू शकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. त्यावर नुसतं प्लॅस्टर चढवलं की गंज आत चालूच राहतो. छज्जे आणि बाथरूमखालचा स्लॅब तर चुकवूच नका. इथे पोपडे दिसले तर इसार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी तुम्हाला जड वाटेल, तरी द्या.

विजेचं थोडक्यात सांगते. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं मीटर आहे का, अर्थिंग आहे का, आणि पंखे-दिव्यांसाठी टाकलेल्या वायरवरच आता गीझर चालतोय का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आता भाडेकरू. त्यांच्यासकट घर घेताय, तर त्यांचे करारही बहुधा तुमच्याकडेच येतील. विक्रेता तोंडी सांगेल त्या भाड्यावर हिशेब मांडू नका. मूळ करार आणि बँकेत जमा झालेल्या भाड्याच्या नोंदी मागा. अनामत रक्कम कोणाकडे आहे आणि ती तुमच्याकडे कशी वर्ग होणार, हे खरेदीखतात लिहून घ्या. भाडेकरूंशी स्वतः बोला. पाणी कुठे गळतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि विचारलं की ते मोकळेपणाने सांगतात. ते तिथे किती वर्षं आहेत आणि कायद्याने त्यांना कोणतं संरक्षण आहे, हे वकिलाकडून समजून घ्या. मंजूर नकाशात बिऱ्हाडं तीनच आहेत ना, हेही त्यालाच बघू द्या. मागाहून भिंत घालून केलेलं तिसरं बिऱ्हाड बेकायदा निघालं तर ते भाडं धरता येणार नाही.

भाडं वर्षाला 12 महिन्यांचं नाही, 10 महिन्यांचंच धरा. लहान शहरात एखादा कारखाना किंवा कॉलेज भाडेकरू पुरवत असतं. ते हललं की खोल्या रिकाम्या राहतात. खालचं एक घर सहा महिने बंद राहिलं तरी तुमच्या पगारातून हप्ता निघतो का, हा आकडा आज रात्रीच घरी मांडा. निघत असेल आणि स्लॅब धड असेल, तर मी हे घर घ्या म्हणेन. ओल, पाइप, वायरिंग या दुरुस्त्यांचा लेखी अंदाज घ्या आणि तो समोर ठेवून किंमत कमी करायला सांगा. स्लॅब गेलेला असेल, तर मात्र कितीही कमी किमतीला घेऊ नका.