खऱ्या घटनेवर कादंबरी लिहिताना नावं बदलली की पुरेसं असतं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यातल्या कारखान्याच्या भानगडीवर कादंबरी लिहिताय, नावं सगळी बदललीत, पहिल्या पानावर 'सर्व पात्रे काल्पनिक' टाकणार, तरी केस होईल का. होऊ शकते. मी सांगलीत वकिली करतो आणि लिहिणाऱ्यांनी लिहावं असंच मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोर्ट बघतं की वाचणाऱ्याने माणूस ओळखला का. चेअरमनचं नाव बदललं पण कारखाना तोच, पांढरी जीप तीच, भावकीतला वाद तोच, थोरल्या पोराचा अपघात तोच, तर पारावरचा माणूस दुसऱ्या पानातच ओळखतोय ना, मग ते काल्पनिकचं वाक्य एकटं काय वाचवणार. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. माणूस वारलेला असला तरी घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं तर कलम लागतं.

म्हणून दोन-तीन माणसं मिसळून एक पात्र करा, कारखान्याऐवजी दूध संघ घ्या नाहीतर हळदीचं अडत दुकान, गोष्टीचा जीव त्याने जात नाही. कोर्टाच्या निकालात, सरकारी रेकॉर्डवर जे आलंय ते परवानगी न घेता लिहिता येतं, सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात तसं सांगितलंय, पण रेकॉर्डच्या पुढे जाऊन आपल्या मनाचा आरोप त्याच माणसावर ठेवला की ते संरक्षण गेलं.

आणि घटनेत बलात्कार झालेली बाई किंवा लहान पोरगी असेल तर हात जोडून सांगतो, नाव तर नकोच पण गाव, शाळा, बापाचा धंदा, ओळख पटेल असं काहीच ठेवू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, दोन्हीत, आणि त्या घराला परत तेच भोगायला लावायचा आपल्याला काय अधिकार?

पेपरातल्या बातमीची माहिती वापरा, वाक्यं उचलू नका. जुनं पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या कवितेचा हक्क तो गेल्यावर ६० वर्षं राहतो, दोन ओळी घ्यायच्या तरी लेखी परवानगी मागितलेली बरी.

प्रकाशकाचा करार सही करायच्या आधी नीट वाचा, केस झाली तर सगळा खर्च लेखकाचा असं कलम त्यात असू शकतं, ते तिथेच बोलून घ्या.