अंघोळीच्या कढत पाण्याने भाजल्यावर पुढे काय त्रास राहतो?

५ वर्षांच्या मुलाचा गुडघा बंबाच्या पाण्याने भाजून ४ महिने झालेत, वण जाईल का, असं तुम्ही विचारलंय. वरवरचं भाजलं असेल तर डाग सहसा फिका पडत जातो. जखम भरायला ३ आठवड्यांहून जास्त लागले असतील, तर वण जाड, लालसर आणि खाजरा होण्याची शक्यता मोठी. तो निवायला वर्ष-दोन वर्षं जातात.

मला मात्र रंगापेक्षा सांध्याची काळजी वाटते. वण आकसतो, मूल वाढतं, कातडी तेवढी ताणत नाही आणि गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. म्हणून रोज व्यायाम, मालिश, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सिलिकॉन जेल किंवा दाब देणारा घट्ट मोजा, कंटाळा न करता. पाय आखडतोय असं वाटलं तर प्लास्टिक सर्जनला दाखवाच.

त्यात आपलं जळगावचं ऊन! वण उन्हाने आणखी काळवंडतो, खोल भाजलेल्या जागी घामही येत नाही. वैशाखात पाय झाकूनच बाहेर काढा.

आणि हो, ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही ५ सेकंदांत खोल भाजतं. बादलीत विसण आधी, कढत पाणी मागून. आमच्या घरी अजून उलटंच चालतं, रोज ओरडतो.